उमेदवारीचे मोदक

१ ऑगस्ट २०२०, शनिवार

आजचाही कार्यक्रम कपाटात बसून रेकॉर्ड केला. कम्युनिटी रेडिओचा स्टुडिओ मार्चपासून बंद आहे आणि आमच्या क्रेगीबर्नच्या घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे यतिनच्या कोटांचं कपाट. पुण्यात महापालिका कव्हर करताना मी भल्याभल्या नगरसेवकांना घाम फोडला होता. आता नवऱ्याच्या कोटांत डोकं खुपसून मेलबर्नच्या मराठी माणसांना हात कसे धुवायचे ते सांगते. दर शनिवारी सकाळी एक तास. सरकारी सूचनांचं भाषांतर, दोन गाणी, वाढदिवस, आणि हल्ली श्रद्धांजल्या.

माझ्यानंतरचा तास थाई लोकांचा. तो सुनीसा चालवते. लॉकडाऊन लागल्यापासून सगळ्यांची रेकॉर्डिंग्ज गोळा करून, साफसूफ करून ती लावायचं कामही तिच्याकडेच आहे. ती बँकॉकला टीव्हीवर बातमीदार होती, मग निवडणुकीला उभी राहिली, निवडून आली, थोडे दिवस खासदार होती. पुढे पक्षच बरखास्त झाला आणि ती इथे बहिणीकडे राहायला आली. त्यापुढचं ती सांगत नाही. मुलाखती घेण्यात आयुष्य घालवलेल्या मलाही तिच्याकडून ते काढता आलेलं नाही.

आज तिला फोनवर सांगितलं की ऑक्टोबरच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, निवडणुकीला उभं राहावं म्हणते. या भागात इतकी आपली माणसं, आणि कौन्सिलात आपलं कोणी नाही. नुसत्या बातम्या वाचून मला वीट आलाय. तिने विचारलं, तुला काही बदलायचंय की तुला कोणीतरी व्हायचंय. मी म्हटलं, दोन्ही. ती हसली, पण मनापासून नाही. राजकारणात हात पोळलेली बाई, ती दुसरं काय म्हणणार.

८ ऑगस्ट, शनिवार

स्टेज फोर लागलं. रात्री कर्फ्यू, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कोणाच्या घरी जायचं नाही. दारोदार जाऊन प्रचार करायचा प्रश्नच मिटला. यतिन म्हणतो, "बरं झालं, तुला बघून मतं कमी झाली असती." तो दिवसभर लॅपटॉपसमोर बसून अशा कोट्या साठवतो.

खरी मदत नीलिमाची. ती नाशिकची, इथे स्टुडंट म्हणून आली, आता पीआर, म्हणजे कायमची रहिवासी आहे आणि एका एज्ड केअरमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते. माझी पहिली कार्यकर्ती म्हणायची. मला ताई म्हणते आणि माझा शब्द खाली पडू देत नाही. तिच्या सासूबाई, पद्माकाकू, फेब्रुवारीत फिरायला आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या. त्यांना माझा कार्यक्रम फार आवडतो.

आज मला एक कल्पना सुचली आणि मी स्वतःच माझी पाठ थोपटली. बावीसला गणेश चतुर्थी. वॉर्डातल्या मराठी घरांच्या दारात उकडीच्या मोदकांचा एकेक डबा ठेवायचा, वर माझं कार्ड. पत्रक लोक कचऱ्यात टाकतील. प्रसाद कोण टाकेल? नीलिमाचा मोदकांवर हात बसलेला, आमच्या वसाहतीतल्या आणखी तिघी येतील, माझ्या गराजमध्ये बसून करू. नीलिमा जरा चाचरली. म्हणाली, "ताई, भेटायचं नाही हे तुम्हीच तर रेडिओवर सांगता." मी तिला समजावलं की गराजचं शटर पूर्ण वर ठेवलं की ते घर राहत नाही. तिला ते पटलं.

१५ ऑगस्ट, शनिवार

अजितच्या ग्रोसरीत गेले. नारळ, गूळ, तांदळाची पिठी तो देणार, आपल्याला पैसे पडणार नाहीत. कौन्सिलात आपलं माणूस असावं असं त्यालाही वाटतं, पार्किंगच्या त्याच्या तक्रारी आहेत. मागच्या स्टोअररूममध्ये बसून चहा झाला. मास्क लावून चहा कसा पिणार? तो सारखा खोकत होता, म्हणाला सकाळी मिरचीची पोती फोडली. तास दीड तास बोललो. फार दिवसांनी कोणाशी समोरासमोर राजकारणावर गप्पा झाल्या, मला अगदी पुण्यात असल्यासारखं वाटलं.

२० ऑगस्ट, गुरुवार

शनिवारचा कार्यक्रम आजच रेकॉर्ड करून पाठवला. घसा बसलाय. दिवसभर हीटर, हवा कोरडी, आणि कपाटात धूळ. सुनीसाचा फोन आला, खोकले कापता कापता दमले म्हणाली, आणि टेस्ट करून घे. आता हिला कोण सांगणार की आज टेस्ट केली तर निकाल येईपर्यंत घरात कोंडून बसायचं, आणि परवा चतुर्थी. ताप मला मुळीच नाही. यतिनला जरा कणकण आहे, पण त्याला दर हिवाळ्यात असते.

अजितचं दुकान बंद होतं. बाहेर कागद, स्टॉकटेकसाठी, म्हणजे मालाच्या मोजणीसाठी बंद. सामान त्याने आधीच पोचवलं म्हणून बरं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

हरतालिका. कडक उपास धरलाय. लग्नानंतर पहिल्यांदाच इतका जड गेला, सकाळपासून डोकं दुखतंय आणि पायांत त्राण नाही. यतिनला म्हटलं, तुझ्यासाठीच हे सगळं, तर तो म्हणाला पुढच्या जन्मी दुसरा बघ.

दुपारी गराजमध्ये सारण केलं. नीलिमा ड्यूटीवरून परस्पर आली, तिच्याकडे लॉकडाऊनमध्ये कामाला जायचं वर्क परमिट आहे त्यामुळे तिला कोणी अडवत नाही. बाकीच्या तिघी चालत आल्या. नैवेद्याचं सारण चाखायचं नसतं, वासावरच अंदाज घ्यायचा. मी वेलची घातली, हुंगून बघितलं, काही नाही. आणखी घातली. मग जायफळ. तरी वास म्हणून येईना. अजितने जुनी वेलची खपवली बहुतेक. शेवटी सगळी पुडी रिकामी केली. नीलिमा काहीतरी म्हणणार होती, पण माझा चेहरा बघून गप्प बसली असावी.

२२ ऑगस्ट, शनिवार

गणपती बसले. पहाटेपासून पाचजणी गराजमध्ये. मास्क होते, पण मोदकपात्राच्या वाफेने ओले होत होते म्हणून एकेकीने काढले. मध्येच नीलिमाने फोनवर रेडिओ लावला, माझा कार्यक्रम सुरू झाला. "आपल्या घराबाहेरच्या कोणालाही भेटू नका, सणसुद्धा घरातल्या घरात साजरा करा." पाचही जणींच्या हातांना पिठी लागलेली आणि समोर माझाच आवाज. आम्ही पोट धरून हसलो. या वर्षात मी इतकी हसले नव्हते.

आरतीनंतर मोदक खाल्ला, मला मिळमिळीत वाटला. उपासाने तोंडाची चव जाते हे माहीत आहे, पण इतकी? रुचा अकरावीत आहे, तिला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. म्हणाली, "मम, वे टू मच इलायची. इट्स लाइक सोप." यतिनला विचारलं तर म्हणाला, मला काही वेगळं लागलं नाही. नवऱ्यांना विचारण्यात अर्थ नसतो.

डबे सगळे वाटून झाले. पद्माकाकूंसाठी नीलिमाने वेगळा नेला. लोकांचे मेसेज येताहेत. आता मला खरंच वाटायला लागलंय की मी निवडून येऊ शकते.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

नीलिमा पॉझिटिव्ह आली.

एज्ड केअरमध्ये सगळ्या स्टाफची टेस्ट झाली, त्यात कळलं. दोन दिवस घसा खवखवत होता, पण शिफ्ट सोडली तर पुढच्या आठवड्यात बोलावतीलच याची खात्री नसते, म्हणून ती जात राहिली. आता हेल्थ डिपार्टमेंटचा माणूस फोन करून विचारणार, गेल्या काही दिवसांत कुठे गेलात, कोणाला भेटलात. तिने आधी मला फोन केला. म्हणाली, "ताई, काय सांगू?"

मी तिला म्हटलं, तुझं तू ठरव. फक्त एवढं लक्षात घे की तू गराजचं सांगितलंस तर पाच घरं बंद होतील, सगळ्यांना दंड होईल, आणि टीव्हीवर दोन दिवस इंडियन लोकांच्या नावाने शिमगा चालेल. आपल्या लोकांकडे आधीच बोट दाखवतात. शिवाय तुला लागण कामावरच झाली असणार, एज्ड केअरमध्येच तर सगळीकडे पसरतंय. मोदक आठवड्यापूर्वीचे. त्याचा याच्याशी संबंध काय?

ती म्हणाली, "ठीक आहे ताई." मी तिला खोटं बोल असं एकदाही म्हटलेलं नाही. हे इथे लिहून ठेवते.

२९ ऑगस्ट, शनिवार

नीलिमाने सांगितलं, काम आणि घर, बाकी कुठेच नाही.

त्या तिघींना मी मेसेज केला की आकडे वाढताहेत, काळजी घ्या, काढा घ्या. नीलिमाचं कळवलं नाही. तिची प्रायव्हसी आहे. रुचाने जेवताना विचारलं, "सो वी आर नॉट गेटिंग टेस्टेड?" मी म्हटलं, आपल्याला काही होत नाहीये. ती म्हणाली, "दॅट्स नॉट व्हॉट यू से ऑन रेडिओ." ताट अर्धं टाकून उठली. अन्न टाकलेलं मला अजिबात आवडत नाही.

५ सप्टेंबर, शनिवार

पद्माकाकूंना ॲम्ब्युलन्सने नेलं. नीलिमा आणि कुमार, तिचा नवरा, दोघेही आयसोलेशनमध्ये. त्यांना दारातसुद्धा उभं राहता आलं नाही. काकूंना इंग्रजी येत नाही. हॉस्पिटलने टेलिफोनवर दुभाषी दिला, तो हिंदीवाला. काकू त्याच्याशी मराठीतच बोलत राहिल्या, नीलिमा सांगत होती.

तिच्या एज्ड केअरमध्ये आणखी लोकांना झालंय. दोन म्हातारी माणसं गेली. त्यातल्या एकीचे केस ती रोज विंचरायची.

मी आज उमेदवारीसाठी फोटो काढून घेतला. बॅकयार्डात, यतिनने मोबाइलवर काढला. निळी साडी बरी दिसते.

१३ सप्टेंबर, रविवार

काल दुपारी पद्माकाकू गेल्या.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी, तीही लांब लांब उभी. आम्ही झूमवर पाहिलं. नाशिकहून त्यांची मुलगी बघत होती, तिचा मायक्रोफोन बंद करायचा राहिला होता. तिचं रडणं सगळ्यांच्या घरात ऐकू येत होतं आणि ते बंद कर असं सांगायला कोणाची जीभ वळली नाही. यतिन स्क्रीनसमोरून उठला आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसला. मी ढसाढसा रडले. माझ्या आईच्या वेळीही इतकी रडले नव्हते.

१९ सप्टेंबर, शनिवार

माझा शेवटचा कार्यक्रम. फॉर्म भरल्यावर उमेदवाराला माइकसमोर बसता येत नाही. पद्माकाकूंना श्रद्धांजली वाहिली. परक्या देशात अडकलेल्या त्या माउलीबद्दल बोलताना माझा आवाज भरून आला, तो मी तसाच राहू दिला. खूप फोन आले. लोक म्हणाले, असं मनापासून बोलणारं माणूस कौन्सिलात पाहिजे.

सुनीसाचा फोन मात्र वेगळाच होता. नीलिमाबद्दल तिने कुठून ऐकलं कोणास ठाऊक, मेलबर्नच्या या टोकाला सगळेच सगळ्यांना ओळखतात. तिने विचारलं, ती बाई आजारी पडण्याआधी तुझ्याकडे आली होती का. मी म्हटलं, प्रसादाच्या कामाला थोडा वेळ. ती म्हणाली, "त्याच आठवड्यात मी तुझे खोकले कापले होते, मयूरा."

मी तिला सांगितलं, हीटर, धूळ, आणि उपास. उपास म्हणजे काय हेही समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती बँकॉकबद्दल पहिल्यांदा बोलली. तिच्या मतदारसंघात एका कारखान्याचं घाण पाणी विहिरींत जात होतं. बातमीदार असताना तिनेच ते उघडकीला आणलं होतं. खासदार झाल्यावर पक्षाने थोडं थांब सांगितलं, ती थांबली, आणि त्या थांबण्यात मुलं आजारी पडली. "मी बातमीदार होते तेव्हा विचारायचे, काय झालंय? मग विचारायला लागले, कोणाला कळलंय? तू आता दुसरा प्रश्न विचारते आहेस."

मी विचारलं, तू हे कोणाला सांगणार आहेस का. म्हणाली, "नाही. डिपार्टमेंटला फोन तू कर. त्या मोदकांच्या बायकांना अजून कोणी विचारलेलंच नाही. आणि तुझ्या मैत्रिणीबद्दल सगळे म्हणताहेत की कामावर आणि घरात आजार तिने नेला. तिला निदान खरं काय ते कळू दे."

मी म्हटलं, निवडणूक झाल्यावर करते. तिने फोन ठेवला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे कबूल करते. तिच्या कारखान्याची आणि माझ्या मोदकांची तुलना करायची म्हणजे कमालच झाली.

२२ सप्टेंबर, मंगळवार

उमेदवारी दाखल. आज हेल्थ डिपार्टमेंटचा नंबर फिरवला होता. वाजायच्या आत कट केला. महिना उलटून गेलाय, आता सांगून कोणाचं भलं होणार? त्या तिघींतली एक नुसती पंधरा दिवस खोकत होती आणि आता ठणठणीत आहे. जे व्हायचं ते होऊन गेलं.

८ ऑक्टोबर, गुरुवार

मतपत्रिका टपालाने घरोघर पोचल्या. आणि आज कुमार आला. आमच्या ड्राइव्हवेत लांब उभा राहिला, मास्क लावून. एज्ड केअरने नीलिमाला शिफ्ट देणं बंद केलंय. बाहेरून व्हायरस तिने आणला, आणि आजारी असताना कामावर आली, असं त्यांचं म्हणणं. गेलेल्यांपैकी एकाच्या मुलाने फेसबुकवर तिचं नाव टाकलंय. ती जेवत नाही, सासूबाईंच्या खोलीत बसून असते.

कुमारचं म्हणणं एकच, की गराजबद्दल सांगून टाकू. तिला व्हायरस कुठूनतरी लागला असेल, तो तिनेच जन्माला घातला नाही एवढं तरी लोकांना कळेल. मी शांतपणे त्याला समजावलं. म्हटलं, आत्ता सांगितलंस तर ती ट्रेसिंगवाल्यांशी खोटं बोलली हेही बाहेर येईल. मग तिला या क्षेत्रात कोणी उभं करणार नाही. माझी निवड होऊ दे, मी स्वतः त्या एज्ड केअरशी बोलेन, कौन्सिलरचं पत्र म्हणजे काही किंमत असते. तो परत जायला वळला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही आधी असं बोलत नव्हता." आणि गेला.

खिडकीत रुचा उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त इंग्रजीत आणि फक्त कामापुरतं बोलते. वयच तसं आहे.

२६ ऑक्टोबर, सोमवार

आज राज्यात एकही नवी केस नाही, एकही मृत्यू नाही. लोक रडताहेत, नाचताहेत. मी नीलिमाला फोन केला, तिने उचलला नाही. यतिनने विचारलं, तू तिच्यासाठी पत्र लिहिणार होतीस ना. मी म्हटलं, निकाल तर लागू दे. तो हल्ली कोट्या करत नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार

निवडून आले. पसंतीची मतं मोजता मोजता शेवटी थोडक्यात, पण आले. मराठी घरांतून एकगठ्ठा मतदान झालं. अजित म्हणाला, मोदकांनी काम केलं. सत्कार, मेसेज, पुण्यातल्या माझ्या जुन्या पेपरने फोटोसकट बातमी छापली. सुनीसाला मेसेज केला, तिचं उत्तर नाही.

एज्ड केअरला पत्र लिहायचं ठरवलं होतं. यतिनने एक कच्चा मसुदाही करून दिला. पण नव्या कौन्सिलरने पहिल्याच आठवड्यात चौकशी चालू असलेल्या प्रकरणात पडू नये असं सगळे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पुढे बघू.

१४ नोव्हेंबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. आता दुसऱ्यांच्या घरी जायला परवानगी आहे, म्हणून दुपारी नीलिमाकडे फराळ घेऊन गेले. घरात माणूस गेलं की त्या वर्षी तिथे फराळ करत नाहीत, दुसऱ्यांनी नेऊन द्यायचा. इतक्या लांब तिचं दुसरं कोण आहे? रुचाला चल म्हटलं, ती आली नाही.

नीलिमा ओळखू येत नव्हती. अर्धी झाली आहे. कुमार आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. भिंतीवर पद्माकाकूंचा फोटो, हार घातलेला. मी चकलीचा डबा फोटोपुढे ठेवला, नमस्कार केला. नीलिमा माझ्यासमोर जमिनीवर बसली. बराच वेळ ती तिच्या ओढणीचं टोक दुमडत राहिली.

मग म्हणाली, "ताई, मला एक विचारायचं होतं. रोज विचारीन म्हणते आणि धीर होत नाही. त्या दिवशी गराजमध्ये तो व्हायरस मीच घेऊन आले असेन ना? मला तेव्हा काही कळत नव्हतं, शप्पथ. तुमच्याकडे कोणाला काही झालं नाही ना? रुचाला? तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला काय होणार? आम्ही सगळे ठणठणीत."

तिने मोठा श्वास सोडला. आईंना मी मारलं, म्हणाली, त्या आजीआजोबांना मी मारलं, पण निदान तुमच्या घराला माझ्यामुळे काही झालं नाही. देवाने एवढं तरी केलं. आणि मग तिने वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिचं रडणं माझ्या साडीतून पायांना लागत होतं. "मला माफ करा ताई. इलेक्शनच्या वेळी तुमच्या डोक्याला घोर लावला. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर माझं तोंड पाहिलं नसतं."

मी तिला उठवलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, झालं ते झालं, तू मुद्दाम थोडंच केलंस, माझ्या मनात तुझ्याबद्दल काहीही नाही. मी तुला माफ केलं.

ती किती दिवसांनी हसली. मग उठून तिने माझ्यासाठी चहा ठेवला.